रँग्लरांची यादी

‘रँग्लर’ हा शब्द महाराष्ट्रांत शंभरांहून अधिक वर्षें एखाद्या आडनांवासारखा वापरला जात आहे. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी असें म्हटलें कीं पुढें कांहीं सांगण्याची गरज पडत नाहीं. ऐकणारा आपोआप जरा सांवरून बसतो. परंतु रँग्लर म्हणजे नक्की काय, ही पदवी कीं पदक कीं परीक्षेंतील एक जागा, असें विचारलें तर दहांतील नऊ जण थबकतील. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ हुज्जत घालणारा असा आहे, हें कळल्यावर कित्येकांस हंसूंही येईल. केंब्रिज विद्यापीठांत पूर्वीं पदवीसाठीं तोंडी वादविवाद करावा लागे. त्या वादांत जे उत्तम ठरत त्यांस हें नांव मिळालें, आणि परीक्षा लेखी झाल्यावरही तें तसेंच राहिलें.

ह्या शब्दाशीं दोन सालें निगडित आहेत. १८९९ सालीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत पहिले आले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी विद्यार्थी. त्यानंतर दहा वर्षांनीं, १९०९ सालीं, पहिल्या क्रमांकाची शेवटची यादी लागली आणि ‘पहिला’ ही जागाच त्या परीक्षेंतून नाहींशी झाली. ती नाहींशी करणारे कोणी बाहेरचे सुधारक नव्हते, किंवा तसा कोणा सरकारचा हुकूमही सुटलेला नव्हता. स्वतः त्या यादींत पहिले आलेले, चौथे आलेले अध्यापकच त्यांत पुढें होते. आणि ती राखण्यासाठीं अखेरपर्यंत झगडणारेही त्याच यादीचे मानकरी, तितकेच विद्वान् आणि तितकेच सचोटीचे होते. अभ्यासक्रम बदलावयाचा म्हटला कीं विद्यापीठांतील अध्यापक त्यास कसे सामोरे जातात, ह्याचें इतकें बोधप्रद उदाहरण क्वचितच सांपडेल. आळस, स्वार्थ आणि संवय ह्या तीन शब्दांत अध्यापकांच्या विरोधाची वासलात लावण्याची जी चाल आहे, ती किती अपुरी आहे हें त्यावरून दिसून येतें.

ह्या परीक्षेस ट्रायपॉस म्हणत. हें नांव एका तिपाईवरून पडलें. वादविवादाच्या जुन्या समारंभांत एक पदवीधर त्या तिपाईवर बसून उमेदवारांशीं वाद घाली. अठराव्या शतकाच्या मध्यापासून उत्तीर्ण झालेल्यांची यादी गुणानुक्रमें छापली जाऊं लागली. तींत तीन वर्ग असत: वरचा रँग्लरांचा आणि त्याखालीं ऑप्टिमे नांवाचे दोन. सर्वांत वर ज्याचें नांव तो सीनियर रँग्लर. त्याचें नांव वर्तमानपत्रांत झळके. विसाव्या शतकाच्या आरंभीं तर त्याचें छायाचित्र असलेलीं कार्डें विकलीं जात. यादींत वरची जागा मिळाली कीं एखाद्या कॉलेजची फेलोशिप मिळण्याचा मार्ग मोकळा होई, आणि तेथून पुढें धर्मपीठ, न्यायासन वा प्राध्यापकपद फार दूर नसे. उलट, यादींत अगदीं शेवटीं ज्याचें नांव येई, तो पदवी घेण्यासाठीं गुडघे टेकून बसला म्हणजे त्याचे सोबती सभागृहाच्या सज्जांतून दोरीला बांधलेला एक लांकडी चमचा त्याच्या डोक्यावर खालीं सोडीत. पहिल्याचा जयजयकार आणि शेवटच्याची थट्टा, दोन्ही एकाच सोहळ्याचा भाग होते. शिवाय दीर्घ काळपर्यंत सन्मानाची पदवी म्हणजे गणिताचीच पदवी होती. १८२४ मध्यें लॅटिन-ग्रीकची निराळी परीक्षा सुरू झाली, परंतु तिला बसावयाचें तरी आधीं गणिताचा उंबरठा ओलांडावा लागे. ही अट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली.

अशा ठिकाणीं अभ्यासक्रम ही नुसती पुस्तकांची यादी राहत नाहीं. ती अध्यापकाच्या चरित्राचा भाग होते. बाविसाव्या वर्षीं मिळालेला क्रमांक त्याच्या नांवामागें जन्मभर चालतो. त्यावरच त्याची नेमणूक झालेली असते, त्यावरच शिष्य त्याच्याकडे आलेले असतात. अभ्यासक्रम बदला असें त्यास सांगणें म्हणजे, तूं ज्या विद्येंत श्रेष्ठ ठरलास ती आतां तितक्या मोलाची नाहीं, असें सांगणें होय. तें शांतपणें ऐकून घेणें कोणासही सोपें नाहीं.

पहिला मोठा बदल एका साध्या चिन्हावरून उद्भवला. न्यूटन हा केंब्रिजचाच. ज्यास आपण कलनशास्त्र म्हणतों त्यांत तो अक्षराच्या डोक्यावर टिंब देऊन आपला अर्थ दाखवी. जर्मनीच्या लायब्निट्सनें त्याच कामासाठीं ‘डी’ हें अक्षर योजलें. हें शास्त्र आधीं कोणीं शोधलें ह्यावरून दोन्ही पक्षांत मोठा कलह झाला, आणि तेव्हांपासून टिंबाला चिकटून राहणें हा केंब्रिजला स्वाभिमानाचा प्रश्न वाटूं लागला. तिकडे यूरोप खंडांत ऑयलर, लाग्रांज, लाप्लास ह्यांनीं नव्या चिन्हांच्या साहाय्यानें गणिताचा विस्तार केला, आणि न्यूटनच्याच गुरुत्वाकर्षणाचें गणित त्याच्या विद्यापीठाहून पॅरिसमध्यें अधिक पुढें गेलें. दोष एकट्या टिंबाचा नव्हता. टिंबाबरोबर जी विचारपद्धति गोठून राहिली होती तिचा होता.

हें केंब्रिजमध्यें कोणाच्याच लक्षांत आलें नव्हतें असें नाहीं. रॉबर्ट वुडहाऊस ह्या तेथील अध्यापकानें १८०३ सालींच ग्रंथ लिहून नवी पद्धति विवरून सांगितली होती. पण त्यानें अभ्यासक्रमांत फरक पडला नाहीं. १८१२ मध्यें बॅबेज, हर्शेल व पीकॉक ह्या तरुणांनीं एक छोटें मंडळ काढलें आणि १८१६ मध्यें लाक्र्वा ह्या फ्रेंच गणितज्ञाचें पाठ्यपुस्तक इंग्रजींत आणलें. आतां पुस्तक होतें, उत्साह होता, युक्तिवादही होता. तरीही पुष्कळसे शिक्षक स्वस्थ राहिले. त्यांस विरोध करण्याचीही आवश्यकता नव्हती. परीक्षेंतील प्रश्न टिंबाचे असेपर्यंत ‘डी’ शिकण्यांत विद्यार्थ्यांचा काय लाभ?

ह्या प्रश्नाचें उत्तर पीकॉकनें ओळखलें. १८१७ मध्यें, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, तो परीक्षक झाला आणि त्यानें आपले प्रश्न नव्या चिन्हांत घातले. त्याच्या जोडीदार परीक्षकानें मात्र टिंबच राखलें. म्हणजे एकाच वर्षाच्या एकाच परीक्षेंत दोन लिप्या नांदत होत्या! ह्याबद्दल पीकॉकवर टीका झाली. पण १८१९ मध्यें तो पुन्हां परीक्षक झाला तेव्हां त्याचा जोडीदारही त्याच्याच मताचा होता. पुढील कांहीं वर्षांत टिंबाचा प्रश्न मिटून गेला. वुडहाऊसच्या ग्रंथास जें चौदा वर्षांत साधलें नव्हतें, तें एका प्रश्नपत्रिकेनें साधलें.

येथें दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं, अध्यापक जें विचारलें जाईल तें शिकवितो, ह्यांत त्याची लबाडी नाहीं. समोर बसलेल्या मुलाचें सारें आयुष्य त्या परीक्षेवर लटकलेलें असतें, आणि त्या मुलाशीं त्याचें पहिलें इमान असतें. पुष्कळदां ज्याला आपण सुधारणेविषयींची उदासीनता म्हणतों ती ह्या इमानाचीच दुसरी बाजू असते. दुसरी गोष्ट ही कीं, १८१३ च्या यादींत हर्शेल पहिला होता आणि पीकॉक दुसरा. जुन्या पद्धतीनें ज्यांस डोक्यावर घेतलें होतें त्यांनींच तिच्यावर बोट ठेवलें. तिसरा सोबती बॅबेज हा बुद्धीनें त्यांच्याहून उणा नव्हता. परंतु तो सन्मानाच्या परीक्षेस बसलाच नाहीं. पुढें १८२८ मध्यें न्यूटनच्याच पीठावर त्याची नेमणूक झाली, आणि त्या अकरा वर्षांत त्यानें विद्यार्थ्यांस एकही व्याख्यान दिलें नाहीं. पीठ मोठें होतें, पण अभ्यासक्रमाची किल्ली पीठाजवळ नव्हती. ती परीक्षकाच्या खिशांत होती.

नव्यांचा विजय झाला, असें म्हणून हा इतिहास येथें संपवितां आला असता. पण सुधारकाचेंही वय वाढतें. विल्यम व्ह्यूएल हा लँकेस्टरच्या एका सुताराचा मुलगा. १८१६ च्या यादींत तो दुसरा आला, आणि १८१९ मध्यें त्यानें यंत्रशास्त्रावर नव्या पद्धतीचें पुस्तक लिहून पीकॉकच्या बाजूस आपलें वजन टाकलें. हाच व्ह्यूएल १८४१ मध्यें ट्रिनिटी कॉलेजचा मुख्य झाला, आणि १८४५ मध्यें त्यानें उदार शिक्षणावर जो ग्रंथ लिहिला त्यांत भूमितीची व जुन्या पद्धतीची कैफियत मांडली. त्याचें म्हणणें असें कीं, विद्यांचे दोन प्रकार आहेत: एक स्थिर आणि दुसरा वाढता. तरुणाचें मन घडवावयाचें तें स्थिर विद्यांनीं. वाढत्या विद्या त्यानंतर. नव्या बीजपद्धतीनें विद्यार्थी उत्तरापर्यंत पोहोंचतो खरा, पण आगगाडींत बसलेल्या उतारूसारखा. वाटेंतला मुलूख त्यानें पाहिलेला नसतो. भूमितींत मात्र प्रत्येक पाऊल स्वतःच्या पायांनीं टाकावें लागतें.

हें मत नुसत्या म्हातारपणाचें लक्षण म्हणून बाजूस सारतां येत नाहीं. पंचवीस वर्षें शिकविल्यावर व्ह्यूएलला एक गोष्ट दिसली होती, जी पंचविशींतल्या पीकॉकला दिसणें शक्य नव्हतें: नवी पद्धति हुशार मुलाच्या हातीं हत्यार होते, आणि सामान्य मुलाच्या हातीं पोपटपंची. सूत्र पाठ करून उत्तर काढणाऱ्यांचे थवेच्या थवे त्यानें पाहिले असले पाहिजेत. आणि तो सर्वच बदलांचा वैरी होता असेंही नाहीं. १८४८ मध्यें निसर्गविज्ञान आणि नीतिशास्त्रें ह्यांच्या नव्या सन्मान-परीक्षा स्थापन झाल्या त्या त्याच्याच पाठिंब्यानें. एकच माणूस एका विषयांत पुढें जाऊं पाहतो आणि दुसऱ्यांत दाराशीं पहारा करितो. सुधारक आणि सनातनी अशा दोन पंगती मांडून अध्यापकांस बसविणारांनीं व्ह्यूएलला कोणत्या पंगतींत बसवावें?

व्ह्यूएलची भीति खरी ठरली, पण निराळ्या वाटेनें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केंब्रिजमधील खरें अध्यापन खाजगी शिकवण्यांच्या हातीं गेलें. विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या व्याख्यानांस तुरळक श्रोते असत. रँग्लर व्हावयाचें असेल त्यानें नामांकित खाजगी शिक्षकाचें दार ठोठवावयाचें. विल्यम हॉपकिन्सच्या हाताखालून १८४९ पर्यंत सतरा सीनियर रँग्लर बाहेर पडले. त्याच्यामागून आलेल्या एडवर्ड राऊथनें तर पंचविसांहून अधिक सीनियर रँग्लर तयार केले. हा राऊथ स्वतः १८५४ मध्यें पहिला आला होता, आणि त्या वर्षीं त्याच्याखालीं दुसरा आला तो जेम्स क्लार्क मॅक्सवेल. विद्युत् आणि चुंबकत्व ह्यांचे नियम एका सूत्रांत गोंवणाऱ्या मॅक्सवेलला मागें टाकणारा राऊथ आज बहुतेकांस ठाऊक नाहीं. पण यादीस भविष्य विचारावयाचें नसतें; तिनें त्या आठवड्यापुरता न्याय केला होता.

राऊथच्या पद्धतीची टिंगल करणें सोपें आहे. विषयाचे नेमके तुकडे, ठरलेल्या वेळीं ठरलेले प्रश्न, घड्याळ लावून सराव. परंतु स्टोक्स, केल्विन, मॅक्सवेल हे भौतिकशास्त्राचे धुरंधर ह्याच परीक्षेच्या मुशींतून निघाले, हें विसरून चालणार नाहीं. त्या पद्धतीची उणीव दुसरीकडे होती. यूरोपांत रीमान व वायरश्ट्रास ह्यांनीं शुद्ध गणिताच्या पायाची नव्यानें उभारणी केली होती; तिची चाहूल केंब्रिजच्या विद्यार्थ्यास क्वचितच लागे, कारण ती परीक्षेंत विचारली जात नसे. राऊथचाच शिष्य आणि १८८१ चा सीनियर रँग्लर अँड्र्यू फोर्साइथ ह्यानें १८९३ मध्यें त्या विषयावर मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला, तेव्हां ती खिडकी थोडी उघडली.

१८९६ मध्यें हार्डी नांवाचा विद्यार्थी ट्रिनिटींत आला. त्यास रिवाजाप्रमाणें खाजगी शिक्षकाकडे धाडण्यांत आलें, आणि परीक्षकाच्या खोड्या ओळखण्याचें तें शिक्षण पाहून त्याला इतका उबग आला कीं गणित सोडून इतिहास घ्यावा असें त्याच्या मनांत आलें. सुदैवानें लव्ह नांवाच्या एका अध्यापकानें जॉर्डन ह्या फ्रेंच गणितज्ञाचा ग्रंथ वाचण्यास सुचविलें, आणि गणित म्हणजे काय हें आपणांस त्या ग्रंथानें प्रथम कळलें असें हार्डी पुढें जन्मभर सांगे. १८९८ च्या यादींत तो चौथा आला. पुढल्याच वर्षीं परांजपे पहिले आले. पुढें एकास ही यादी मोडावीशी वाटली आणि दुसऱ्याच्या देशांत तिचा जयघोष झाला. दोघेही आपापल्या ठिकाणीं खरे होते.

यादी मोडण्याचा वाद १९०६ व १९०७ ह्या सालांत पेटला. फोर्साइथ आणि हॉब्सन हे दोन सीनियर रँग्लर सुधारणेच्या बाजूचे प्रमुख होते, तरुण हार्डी त्यांच्या बरोबर होता. त्यांचें म्हणणें असें: ह्या शर्यतीनें विद्यार्थी वेग शिकतो, विचार शिकत नाहीं. सर्वांत हुशार मुलें आपलीं उत्तम वर्षें अशा कूटप्रश्नांवर घालवितात ज्यांचा जिवंत संशोधनाशीं संबंध उरलेला नाहीं. पदार्थविज्ञानाकडे वा यंत्रविद्येकडे जाणारा विद्यार्थी ह्या शर्यतीस भिऊन गणिताकडे फिरकत नाहीं, आणि परीक्षार्थींची संख्या घटत आहे. तेव्हां पहिला भाग सुटसुटीत करावा, दुसरा सखोल करावा, आणि प्रत्येक वर्गांतील नांवें वर्णानुक्रमें छापावीं.

विरुद्ध बाजूस वृद्ध राऊथ होता. यादी हा केंब्रिजचा शंभर-दीडशें वर्षांचा अलंकार. चुरस गेली कीं परिश्रम जातील, असें त्या पक्षास वाटे. राऊथला आपले सारे शिष्य यादीच्या वरच्या ओळींत ओळीनें उभे दिसत असले पाहिजेत. त्याच्या आयुष्याचा तोच ग्रंथ होता. जून १९०७ मध्यें तो वारला.

निर्णय करावयाचा होता विद्यापीठाच्या सिनेटनें. ह्या सिनेटांत केवळ अध्यापक नव्हते. नांव पटावर राखलेला प्रत्येक एम. ए. तेथें जातीनें येऊन मत देऊं शके. खेडोपाडींचे धर्मोपदेशक आगगाडीनें येत आणि आपल्या तरुणपणच्या केंब्रिजच्या बाजूनें मत देऊन परत जात. ग्रीक भाषेची सक्ति काढण्याचे ठराव १९०५ व १९०६ मध्यें ह्याच सभेनें फेंकून दिले होते, आणि ती सक्ति जावयास १९१९ साल उजाडलें. ह्या वातावरणाचें मर्म कॉर्नफर्ड ह्या ट्रिनिटीच्या अध्यापकानें १९०८ मध्यें एका लहानशा विनोदी पुस्तिकेंत टिपलें आहे. विद्यापीठांत नवी गोष्ट कधींच करूं नये ह्याचीं किती सुबक कारणें देतां येतात, ह्याचा तो जणूं कोशच आहे. आजही प्राध्यापक मंडळी तो वाचून हंसतात, आणि त्यांतील बरेंच आपण मागल्याच सभेंत ऐकलें, असें त्यांच्या मनांत येतें.

असें असतांही गणिताची सुधारणा १९०७ मध्यें बहुमतानें संमत झाली. ग्रीकला जें जमलें नाहीं तें गणिताला कां जमलें? मला ह्याचें मुख्य कारण असें वाटतें कीं, यादी मोडा असें म्हणणारे यादीच्या शिखरावर बसलेले होते. जो हरला त्याच्या तक्रारीला मत्सर म्हणतां येतें. जो जिंकला त्याच्या तक्रारीला तसें कांहीं म्हणतां येत नाहीं. १८१७ मध्यें पीकॉकचें जें बळ होतें तेंच १९०७ मध्यें फोर्साइथचें होतें. १९०९ मध्यें डॅनियल हा शेवटचा सीनियर रँग्लर झाला. रँग्लर हा शब्द पहिल्या वर्गाचें नांव म्हणून टिकला. आपले महाजनी रँग्लर झाले ते ह्या नव्या व्यवस्थेंत. पण पहिला, दुसरा, तिसरा हें पुन्हां कधीं छापलें गेलें नाहीं.

आतां दुसऱ्या बाजूची कैफियत ऐकली पाहिजे, आणि ती केंब्रिजमधल्या कोणाही पेक्षां आपणांस अधिक समजेल. १८९० मध्यें फिलिपा फॉसेट ही विद्यार्थिनी त्या परीक्षेस बसली. स्त्रियांस परीक्षा देतां येई, पदवी मिळत नसे, आणि त्यांचीं नांवें पुरुषांच्या यादींत घालीत नसत. फक्त कोणाच्या वर किंवा खालीं एवढें वाचून दाखवीत. तिच्या नांवापुढें ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असें वाचलें गेलें. स्त्रीच्या मेंदूस गणित झेपत नाहीं असें म्हणणारांना त्या एका ओळीनें जें उत्तर दिलें तें शंभर व्याख्यानांनीं दिलें नसतें. विद्यापीठानें स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्यें; यादीनें तिचें श्रेष्ठत्व अठ्ठावन्न वर्षें आधीं मान्य केलें होतें.

आणि १८९९ मध्यें दापोलीजवळच्या मुर्डी गांवचा, अण्णासाहेब कर्व्यांच्या आधारानें शिकलेला, फर्ग्युसन कॉलेजचा विद्यार्थी पेंब्रोक कॉलेजच्या बर्टविसलबरोबर पहिल्या जागीं आला. राज्यकर्त्यांच्या विद्यापीठांत, त्यांच्याच मुलांबरोबर, त्यांच्याच प्रश्नांची उत्तरें लिहून! परीक्षकांनीं नुसतें ‘हा हिंदी विद्यार्थी पहिल्या वर्गांत आला’ असें सांगितलें असतें तर तें कौतुक झालें असतें. पहिला आला असें सांगितलें म्हणून तो पुरावा झाला. गुणांना कातडीचा रंग दिसत नाहीं, ही यादीची थोरवी होती. सुताराचा मुलगा व्ह्यूएल, स्त्री फॉसेट, परतंत्र देशाचे परांजपे: ज्यांच्यामागें घराणें नाहीं, ओळख नाहीं, सत्ता नाहीं, त्यांना क्रमांक हा एकच साक्षीदार असतो. यादी मोडणारे फोर्साइथ आणि हार्डी विद्येच्या दृष्टीनें बरोबर होते. पण ज्यांना ह्या साक्षीदारावांचून दुसरा कोणी नव्हता त्यांचा त्या वादांत किती विचार झाला, हा प्रश्न महाराष्ट्रीय वाचकाच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. सुधारणा योग्य असली म्हणजे तिची किंमत कोणीच देत नाहीं, असें नव्हे. ती बहुधा त्या सभेंत नसलेल्या माणसास द्यावी लागते.

तथापि क्रमांकाच्या न्यायालाही मर्यादा आहे, आणि तिचाही साक्षी आपल्याच देशाचा आहे. श्रीनिवास रामानुजन् गणितावांचून इतर विषयांत नापास होत गेला आणि कुंभकोणम् येथील शिष्यवृत्ति गमावून बसला. १९१४ मध्यें हार्डीनें त्याला केंब्रिजला नेलें, आणि १९१६ मध्यें कोणत्याही ट्रायपॉसला न बसतां, केवळ संशोधनावर, त्यास पदवी मिळाली. घड्याळ लावून घेतलेल्या त्या शर्यतींत तो कितवा आला असता कोण जाणे. परांजप्यांना यादीनें ओळखलें, रामानुजनला यादी बाजूस ठेवून ओळखावें लागलें. दोन्ही न्याय खरे, आणि दोन्ही मिळूनही पुरे नाहींत.

स्वतः हार्डीचें तरी समाधान झालें काय? नाहीं. १९२६ मध्यें, सुधारणा होऊन सतरा-अठरा वर्षें लोटल्यावर, गणिताच्या अध्यापकांच्या परिषदेचा अध्यक्ष म्हणून बोलतांना त्यानें ट्रायपॉस सुधारूं नये तर बंदच करावी असें प्रतिपादन केलें. परीक्षा मात्र तशीच चालू राहिली आणि अद्यापि चालू आहे. १८१७ चा पीकॉक, १८४५ चा व्ह्यूएल आणि १९२६ चा हार्डी ह्या तिघांस एका खोलींत बसविलें तर ते एकमेकांशीं तावातावानें भांडतील. पण परीक्षेनें शिक्षणावर स्वार होऊं नये एवढ्या एका गोष्टीवर त्यांचें मतैक्य होईल, असें मला वाटतें.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडील विद्यापीठांतही पदवीचे अभ्यासक्रम नव्यानें मांडले जात आहेत, आणि अध्यापकांच्या खोल्यांतून तीच जुनीं वाक्यें नव्या आवाजांत ऐकूं येत आहेत. जुन्या विषयाचें काय होणार, मुलें ह्यानें खरोखर शिकतील काय, आम्हांस कोणीं विचारलें? ह्या प्रश्नांस केवळ अडथळे समजणारानें केंब्रिजचा हा इतिहास एकदां वाचावा. तेथें बदल हुकुमानें टिकला नाहीं आणि व्याख्यानांनीं झाला नाहीं. ज्यांच्या हातीं प्रश्नपत्रिका होती, आणि जुन्या पद्धतीनें ज्यांस जें द्यावयाचें तें सर्व देऊन टाकलें होतें, अशा अध्यापकांनीं तो केला. विरोध करणारांच्या म्हणण्यांतही बहुधा एखादें सत्य होतें, जें सुधारकांस त्यांचें वय झाल्यावर दिसलें. अध्यापकांस वगळून केलेल्या सुधारणेंत ह्या दोन्ही गोष्टी हुकतात: जिंकणाराची कबुली, आणि हरणाराची सूचना.

१९०९ मध्यें शेवटचा लांकडी चमचा मिळाला तो परांजप्यांच्याच सेंट जॉन्स कॉलेजांतील एका विद्यार्थ्यास. तो वल्ह्याएवढा लांब होता म्हणतात. पुढल्या वर्षीं नांवें वर्णानुक्रमें लागलीं आणि चमचा कोणाच्या डोक्यावर सोडावा हें सज्जांतल्या मुलांना कळेना. पहिला गेला त्या दिवशीं शेवटचाही गेला. परांजप्यांच्या देशांत जन्मलेल्या आपणांस पहिल्याच्या जाण्याची हळहळ वाटणारच; पण त्या दिवशीं गुडघे टेकून बसलेल्या एका मुलानें मान वर करून पाहिलें असेल आणि वरून कांहीं खालीं येत नाहीं हें पाहून सुटकेचा निःश्वास टाकला असेल, त्याचीही आठवण ठेविली पाहिजे.